मिठाची गोष्ट सोडताना

'सॅलरी' हा शब्द मिठावरून आला, रोमन शिपायांना पगार म्हणून मीठ मिळायचं, ही गोष्ट मी बरीच वर्षं वर्गात सांगत आले. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवताना ती फार उपयोगी पडायची. लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात, एवढं फळ्यावर लिहिलं की सॅलड, सॉस, सॉसेज, सलामी हे सगळे एका कुळातले शब्द भराभर पुढे यायचे आणि शेवटी यायची सॅलरी. परका, अवघड वाटणारा शब्द एकदम घरचा व्हायचा. शेवटी मी म्हणायचे, बघा, पगार म्हणजे मुळात मीठ, आणि ज्याचं मीठ खाल्लं त्याला जागायचं असतं. मुलं हे वाक्य वहीत उतरवून घ्यायची.

ही गोष्ट मी आता सांगत नाही. ती सुटली तेव्हा तिच्याबरोबर माझा आणखी एक जुना विश्वासही सुटला. शब्दाचं मूळ सापडलं की त्याचा खरा अर्थ सापडतो, असं मी मनापासून मानत होते. तसं मानणारी मी एकटी नाही, म्हणून तो विश्वास कसा सुटत गेला ते नीट लिहून ठेवावंसं वाटतं.

एका लेखासाठी मला या गोष्टीचा मूळ आधार द्यायचा होता. आधार म्हणून सगळीकडे थोरल्या प्लिनीचं नाव येतं. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ.स. 79 मध्ये मरण पावलेला हा रोमन अधिकारी आणि ग्रंथकार. त्याच्या 'नॅचरल हिस्ट्री'चे 37 खंड आहेत आणि त्यातल्या 31व्या खंडात पाणी आणि मीठ यांची माहिती येते. भाषांतर शेजारी ठेवून, लॅटिन शब्द एकेक कोशात बघत मी तो उतारा वाचला. मिठाशिवाय माणसाचं जगणं सुसंस्कृत होत नाही, बोलण्यातल्या चतुराईलाही आपण मिठाचंच नाव देतो, असं सांगत सांगत तो म्हणतो की मानमरातबात आणि लष्करी सेवेतही मिठाचा संबंध येतो आणि 'सालारियुम' हा शब्द त्यावरूनच पडला. लगेच पुढे तो साबाइन लोकांकडे मीठ ज्या रस्त्यानं जायचं त्या 'व्हिया सालारिया'कडे वळतो. अँकस मार्शियस या राजानं लोकांना 6000 मापं मीठ वाटलं आणि पहिली मिठागरं उभारली, हेही सांगतो. आणि विषय संपतो. शिपायांना मीठ मोजून देत, असं त्यानं लिहिलेलं नाही. मीठ विकत घ्यायला पैसे देत, असंही लिहिलेलं नाही.

मला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी लिहिलं असेल. म्हणून शिपायांच्या पगाराबद्दल रोमन काळातले लोक स्वतः काय म्हणतात ते शोधत गेले. शिपायाच्या पगाराला त्यांच्याकडे 'स्टिपेंडियुम' म्हणत. हा शब्द नाण्याशी आणि वजन करण्याशी नातं सांगतो, मिठाशी नाही. इ.स. पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस रोमन फौजेचा बारीकसारीक तपशील देतो. धान्याचे, कपड्यांचे आणि हत्यारांचे पैसे शिपायाच्या पगारातून कापून घेत, हे त्यानं नोंदवलं आहे. ऑगस्टस बादशहाच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला 225 डिनेरियस मिळायचे, तेही तीन हप्त्यांत. रोजचा हिशोब केला तर 10 आस, म्हणजे तांब्याची दहा नाणी. ऑगस्टस मेल्याची बातमी पोचली तेव्हा, इ.स. 14 मध्ये, पॅनोनिया प्रांतातल्या पलटणींनी बंड केलं. त्यांची गाऱ्हाणी रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवली आहेत. दिवसाला दहा आस ही आमच्या जिवाची आणि शरीराची किंमत, त्यातूनच कपडे, हत्यारं, तंबू, आणि वरच्यानं छळू नये म्हणून त्याला द्यायची लाचसुद्धा. त्यांची मागणी होती रोज पूर्ण एक डिनेरियस आणि सोळा वर्षांनंतर सुटका. या सगळ्यात मीठ कुठेच नाही.

पण माझं मन खऱ्या अर्थानं वळवलं ते इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यानं. आता तो जिनिव्हाला आहे. इ.स. 81 मधला हा शिपायांच्या पगाराचा हिशोब, आजच्या भाषेत पगारपत्रक. क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस या शिपायाला पहिल्या हप्त्यात 248 द्राख्मा मिळाले. कपाती अशा: गवत 10, जेवणखाण 80, बूट आणि पट्टे 12, छावणीतला सॅटर्नेलियाचा सण 20, कपडे 60. वजा जाता 66 शिल्लक. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक माणूस नाव-गावासकट समोर उभा होता. तो किती खातो, त्याच्या बुटांना किती लागतात, सणाची वर्गणी किती, सगळं लिहिलेलं होतं. आणि मी इतकी वर्षं या माणसाच्या हातात मिठाची पिशवी ठेवून मोकळी होत होते. पॅनोनियातल्या शिपायांचं दुखणं कपातीचं होतं. मिठाच्या गोड गोष्टीखाली ते दुखणं मी झाकून टाकत होते. हे मला फार लागलं.

मग ही गोष्ट आली कुठून? तिच्यामागचं अनुमान मूर्खपणाचं नाही, हे मान्य केलं पाहिजे. रोमन लोकांकडे भत्त्यांची नावं खरोखर वस्तूंवरून पडत. बुटाच्या तळव्याला ठोकायच्या खिळ्यांवरून 'क्लाव्हारियुम' होतं, आणि इ.स. 69 च्या यादवी युद्धात शिपाई ते मागत होते, असं टॅसिटस लिहितो. 'काल्सियारियुम' म्हणजे जोड्यांचे पैसे. ऑस्टिया आणि पुतिओली इथून पायपीट करत रोमला येणाऱ्या आरमारी लोकांनी ते मागितले तेव्हा व्हेस्पॅशियन बादशहानं त्यांना यापुढे अनवाणी धावण्याचा हुकूम दिला, असं बादशहांचा चरित्रकार सुएटोनियस सांगतो. ज्या भाषेत खिळ्यांचा भत्ता आणि जोड्यांचा भत्ता आहे, तिथे सालारियुम म्हणजे मिठाचा भत्ता असणार, असं एकोणिसाव्या शतकातल्या कोशकारांना वाटलं तर नवल नाही. 1879 चा लुईस आणि शॉर्ट यांचा लॅटिन कोश तर, शिपायांना मिठासाठी दिले जाणारे पैसे, हा मूळ अर्थ म्हणूनच देतो. कोशात छापलेलं अनुमान पाठ्यपुस्तकात गेलं की त्याची माहिती होते. आणि मिठाचे पैसे ही मधली पायरी गाळून, पुढच्या तोंडी ते सरळ मीठच झालं.

प्रत्यक्षात पहिल्या शतकाबद्दलच्या लेखनात सालारियुम भेटतो तो मोठ्या माणसांच्या घरी. टायबेरियस बादशहा आपल्या प्रवासातल्या सोबत्यांना कधीच सालारियुम देत नसे, नुसतं जेवणखाण पुरवत असे. नीरोनं गरिबीत आलेल्या खानदानी सिनेटरांना वार्षिक सालारियुम बांधून दिला, काहींना 5,00,000 सेस्टर्सपर्यंत. ॲग्रिकोलाला प्रांताधिकाऱ्याचा नेहमीचा सालारियुम डोमिशियननं दिला नाही, याची खंत त्याचा जावई टॅसिटस व्यक्त करतो. हा शब्द मानाच्या तनख्याचा होता. चौदाव्या शतकापासून इंग्रजीत दिसणारी 'सॅलरी' फ्रेंचमार्गे या सालारियुमवरून आली, इतकं पक्कं आहे. सालारियुमचा 'साल'शी संबंध आहे, हेही प्लिनीच्या साक्षीवरून मानायला हरकत नाही. मात्र मीठ आणि भत्ता यांच्यामध्ये नक्की काय घडलं ते कुठल्याही जुन्या लेखकानं लिहून ठेवलेलं नाही, आणि त्या रिकाम्या जागेत आपण एक शिपाई उभा केला.

मीठ त्या काळी सोन्यासारखं महाग होतं, हेही मी गोष्टीच्या ओघात सांगायचे. डायोक्लेशियनच्या 301 सालच्या दरपत्रकात लष्करी मापाच्या एका मोडियस मिठाला 100 डिनेरियस ही कमाल किंमत ठरवलेली आहे. गव्हालाही तेवढीच. शेतावरच्या मजुराला जेवण देऊन वर दिवसाला 25. चार दिवसांच्या मजुरीत एक मोडियस मीठ येत असेल तर त्याला सोनं कसं म्हणायचं?

इथपर्यंत प्रश्न एका शब्दाचा होता. खरी अडचण मला पुढे जाणवली. समजा, उद्या एखादा शिलालेख सापडला आणि शिपायांना खरंच मीठ मिळत होतं असं सिद्ध झालं. तरी माझ्या आजच्या पगाराबद्दल त्यातून काय कळणार होतं? 'पगार म्हणजे मुळात मीठ' या माझ्या वाक्यात 'मुळात' या शब्दावर मी जो भार देत होते, तो तिथे टिकतो का?

या प्रश्नाला आपल्याकडे फार जुनं उत्तर आहे आणि ते मी विद्यार्थी असताना वाचलंही होतं. यास्काच्या 'निरुक्त' या प्राचीन व्युत्पत्तिग्रंथात शाकटायन आणि गार्ग्य यांचा वाद आहे. सगळी नामं धातूंपासून झाली, असं शाकटायनाचं म्हणणं. गार्ग्य विचारतो, वाट व्यापतो म्हणून घोड्याला 'अश्व' म्हणत असाल, तर वाट व्यापणाऱ्या प्रत्येकाला अश्व का म्हणत नाही? टोचतं म्हणून गवताला 'तृण', तर टोचणारी प्रत्येक वस्तू तृण का नाही? पसरली म्हणून 'पृथिवी' म्हणता, तर तिला कुणी पसरलं आणि पसरणारा उभा कुठे होता? यास्क शाकटायनाच्या बाजूचा आहे. पण गार्ग्याला उत्तर देताना तोही लोकव्यवहाराकडेच बोट दाखवतो: लाकूड अनेक जण तासतात, पण 'तक्षन्' हे नाव सुताराचंच. तरुणपणी मला या वादात शाकटायन मोठा वाटायचा, कारण त्याच्याकडे प्रत्येक शब्दाची किल्ली होती. आज मला गार्ग्याचे प्रश्न अधिक प्रामाणिक वाटतात. शब्द कुठून निघाला हे धातू सांगतो. तो कुठे पोचला, हे तो वापरणारी माणसं ठरवतात.

याचा सगळ्यात मोठा पुरावा माझ्या स्वयंपाकघरातच होता. 'मीठ' हा आपला शब्द संस्कृत 'मृष्ट', प्राकृत 'मिट्ठ' यावरून आला. त्याच घराण्यातली 'मिठाई' आणि गोड बोलणारा 'मिठ्ठास' स्वभाव. म्हणजे मिठाचं मूळ रुचकर, गोड असं आहे. गुजरातीत तर आजही 'मीठुं' म्हणजे गोड आणि 'मीठुं' म्हणजे मीठही. मूळ हाच खरा अर्थ मानायचा तर मिठाला गोड म्हणावं लागेल. आमटीत मीठ टाकताना असं कुणालाही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं. रोमच्या मिठापाशी मी मुळाला चिकटून बसले होते आणि घरच्या मिठापाशी मला मुळाची आठवणही आली नव्हती.

असं का झालं, हे शोधताना मला आणखी एक गोष्ट दिसली. 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगीज 'बॉम बाहिया', म्हणजे चांगली खाडी, यावरून आलं असं कुणी म्हटलं की मी लगेच सरसावायचे. पोर्तुगीजमध्ये खाडीचा शब्द स्त्रीलिंगी आहे, त्याच्याआधी 'बॉम' येणार नाही, 'बोआ' यायला हवं, हे व्याकरण मी ठणकावून सांगायचे. मुंबादेवीचं नाव माझ्या बाजूला होतं. तिथे मला पुरावा हवा होता, कारण ती व्युत्पत्ती मला बोचत होती. सॅलरीची व्युत्पत्ती मला सुखावत होती, म्हणून तिथे मी काहीच विचारलं नाही. पुराव्याची कसोटी मी आवडीनिवडीप्रमाणे लावत होते, हे लक्षात आल्यावर मला वाईट वाटलं.

आणि सुखावत होती ती कशामुळे? मिठाला जागणं, नमकहरामी न करणं, ही आपल्याकडची फार खोल रुजलेली मूल्यं. 'नमक' शब्द फारसीतून आला आणि मिठाशी बांधलेली निष्ठाही त्या प्रदेशात फार जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातल्या एज्राच्या ग्रंथात इराणच्या बादशहाला लिहिलेलं एक पत्र आहे. त्यात अधिकारी म्हणतात की आम्ही राजवाड्याचं मीठ खातो, म्हणून बादशहाचा अपमान आम्हाला बघवत नाही. हे वाचताना मराठी माणसाला अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ही भावना पूर्वेची. ती उचलून मी रोमन छावणीत नेऊन ठेवली होती आणि परत येताना तीच रोमची साक्ष म्हणून घेऊन येत होते. मिठाला जागावं असं मला आजही वाटतं. पण ते सांगायला रोमचा शिपाई लागत नाही, आपले आजी-आजोबा पुरतात.

या शोधात मला जे मिळालं ते मी टाकलेल्या गोष्टीपेक्षा जास्त मोलाचं आहे. सॅलरीच्या मागे लागलेली मी, 'पगार' शब्दाकडे कधी बघितलंच नव्हतं. तो पोर्तुगीज. गोव्यात 1510 पासून आणि वसईत 1534 ते 1739 पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि त्या किनाऱ्यावरून त्यांचे कितीतरी शब्द मराठीत उतरले. पोर्तुगीजमध्ये 'पगार' हे क्रियापद आहे, पैसे चुकते करणं. आपण त्याचं नाम केलं. आणि हे क्रियापद आलं लॅटिन 'पाकारे' यावरून, म्हणजे शांत करणं. 'पाक्स' म्हणजे शांती, तिचंच हे रूप. उत्तरकालीन लॅटिनमध्ये सावकाराचं देणं फेडून त्याला शांत करणं असा अर्थ तयार झाला आणि तिथून नुसतं पैसे देणं. फ्रेंचमार्गे हाच शब्द इंग्रजीत 'पे' झाला. म्हणजे कचेरीतली 'पे-स्लिप' आणि आपला 'पगार' ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरं, एक फ्रान्सवरून लंडनला गेलं आणि दुसरं लिस्बनहून जहाजानं वसईला आलं. लॅटिन मूळ दाखवायला मी रोमपर्यंत धावत होते आणि ते पहिल्या तारखेला घरोघरी येत होतं. घराची 'चावी' आणि सकाळचा 'पाव' यांचीही हीच वाट. लॅटिन 'क्लाविस' आणि 'पानिस' हे त्यांचे पूर्वज, पोर्तुगीज 'शाव्ह' आणि 'पांव' ही मधली पिढी.

पूर्वीची मी असते तर इथे लगेच म्हटलं असतं की पगार म्हणजे मुळात शांती, आणि वेळेवर पगार न देणं म्हणजे शांतता भंग करणं. वाक्य आकर्षक आहे. कामगारांच्या सभेत टाळ्या घेईल. पण वसईच्या पोर्तुगीजांकडून हा शब्द घेणाऱ्या माणसाच्या मनात शांती नव्हती, हातात पडणारे पैसे होते. वेळेवर पगार मिळावा याला भक्कम कारणं आहेत, ती माणसाच्या पोटाची आणि कायद्याची आहेत. त्यांच्या बाजूनं लॅटिन धातूला साक्षीला बोलवलं तर उलट ती कारणं दुबळी होतात. उद्या कुणी दुसरं मूळ दाखवलं तर काय हक्क सोडून द्यायचा?

व्युत्पत्तीवरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. पूर्वी मी तिच्याकडे अर्थ मागत होते, आता इतिहास मागते. कोणता शब्द कुणाच्या हातून, कुठल्या बंदरात, कुठल्या कामासाठी आला, ते ती सांगते, आणि तेवढंच सांगते. म्हणूनच ऑक्सफर्ड कोशाची रीत मला आता जास्त समजते. त्याचे संपादक जेम्स मरे यांनी हजारो वाचकांकडून चिठ्ठ्या मागवल्या, प्रत्येक चिठ्ठीवर शब्द कुठे, कधी, कोणत्या वाक्यात आला ते लिहिलेलं. 1884 मध्ये पहिला भाग निघाला आणि 1928 मध्ये काम पुरं झालं, ते बघायला मरे नव्हते. इतकी माणसं इतकी वर्षं वाक्यं गोळा करत राहिली, कारण धातू कितीही चोख असला तरी शब्दाचा अर्थ वाक्यातच सापडतो.

वर्गात मी अजूनही 'साल'पासूनच सुरुवात करते. सॅलड, सॉस, सॉसेज येतात, सॅलरीही येते, आणि तिच्यासमोर मी प्लिनीचं म्हणणं ठेवते. मग प्रोक्युलसचा हिशोब फळ्यावर लिहिते. मुलांना लगेच घरची पगारपत्रकं आठवतात. प्रॉव्हिडंट फंड, व्यवसाय कर, पतपेढीचा हप्ता असे रकाने ती सांगू लागतात. सॅटर्नेलियाच्या 20 द्राख्मांवर मात्र वर्ग हमखास अडतो: सणाची ही वर्गणी सक्तीची होती का? त्याच पपायरसवर आणखी एका शिपायाचा हिशोब आहे. कपड्यांची त्याची कपात वेगळी आहे, सणाची तेवढीच, 20. तो आकडा मी शेजारी लिहिते. मग सक्तीचीच असणार, असं मुलं म्हणतात. मी फळ्याच्या एका बाजूला 'नोंद' आणि दुसऱ्या बाजूला 'अनुमान' असे दोन रकाने आखते आणि त्यांचं वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं, ते त्यांनाच ठरवायला सांगते.